भूल देणारे डॉक्टर आणि भूल शिकविणारे डॉक्टर

आपल्याकडे कोणाच्या घरी ऑपरेशन ठरले की गावात पहिला प्रश्न विचारला जातो, "डॉक्टर कोण?" उत्तरादाखल सर्जनचे नाव सांगितले जाते. दुसरा प्रश्न असतो खर्च किती, आणि तिसरा, रक्त लागणार काय. भूल कोण देणार, हा प्रश्न मी लाखांदुरात आजवर कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही. ऑपरेशन यशस्वी झाले म्हणजे पेढे सर्जनला दिले जातात. ज्या माणसाने तो सारा वेळ रोग्याचा श्वास आपल्या हातात धरून ठेवला, त्याचे नाव घरच्यांना ठाऊकही नसते. यात लोकांचा फारसा दोष नाही. आपल्या भाषेनेच या विद्येला मोठे गमतीचे नाव दिले आहे. भूल म्हणजे चूक, भूल म्हणजे विसर, आणि तीच भूल डॉक्टर देतात! ऐकणाऱ्याला वाटते, एक सुई टोचली आणि काम संपले.

मी डॉक्टर नाही. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकविले, एवढाच माझा अधिकार. तरीही हा विषय निवडला, कारण काही वर्षांपूर्वी पित्ताशयातील खड्यांसाठी मला स्वतःला एका शिक्षण रुग्णालयात दाखल व्हावे लागले आणि तेथे भूलतज्ज्ञ म्हणजे काय हे प्रथम कळले. ऑपरेशनच्या आधी एक प्राध्यापिका डॉक्टर तपासायला आल्या. सोबत चार-पाच तरुण विद्यार्थी. त्या म्हणाल्या, "गुरुजी, तोंड उघडा आणि तुमचीच तीन बोटे उभी करून आत घालून दाखवा." माझी दोनच बोटे आत गेली, तीही कशीबशी. त्यांनी विचारले, "खर्रा किती वर्षांपासून?" मी खाली पाहिले. विज्ञान शिकविणारा माणूस आणि खिशात खर्ऱ्याची पन्नी! त्या रागावल्या नाहीत. "माझ्या विद्यार्थ्यांना तुमचे तोंड पाहू द्याल का? त्यांना शिकायचे आहे," एवढेच म्हणाल्या. मी होकार दिला. पुढे काय झाले ते ओघाने सांगतो. त्याआधी हे डॉक्टर करतात काय, ते पाहू.

या शास्त्राला शासकीय मराठीत बधिरीकरणशास्त्र म्हणतात. पूर्ण भूल, कमरेखालची भूल आणि एखाद्याच भागाची भूल असे तिचे ढोबळ प्रकार आहेत. पूर्ण भुलीत शिरेतून औषध दिले की अर्ध्या-एक मिनिटात रोगी बेशुद्ध होतो. पण मोठ्या ऑपरेशनला नुसती बेशुद्धी पुरत नाही. पोटाचे स्नायू सैल पडावे लागतात, म्हणून स्नायू शिथिल करणारे औषध देतात. आता विद्यार्थ्यांनी जरा विचार करावा. श्वास कशाने चालतो? छातीच्या व श्वासपटलाच्या स्नायूंनी. म्हणजे या औषधाने रोग्याचा श्वासही थांबतो. तो मुद्दाम थांबविलेला असतो, आणि त्या क्षणापासून रोग्याचे जगणे सर्वस्वी भूलतज्ज्ञावर अवलंबून राहते. तो घशातून श्वासनलिकेत नळी घालतो, यंत्राने प्राणवायू पोहोचवितो, नाडी, रक्तदाब, रक्तातील प्राणवायू आणि उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड यांवर क्षणोक्षणी नजर ठेवतो, गेलेल्या रक्ताचा हिशोब ठेवतो आणि शेवटी उलट परिणामाची औषधे देऊन रोग्याला स्वतःच्या श्वासावर परत आणतो. झोपविणे सोपे असते. सारी विद्या असते ती तेथपर्यंत जाऊन सुखरूप परत आणण्यात.

सिझेरियनला बहुधा कमरेखालची भूल देतात. तिच्याबद्दल आपल्या भगिनींत एक समज पक्का आहे, की मणक्यात सुई टोचली की जन्माची कंबरदुखी लागते. ही सुई पाठीचा मज्जारज्जू जेथे संपतो त्याच्या खाली टोचलेली असते. टोचल्या जागी काही दिवस दुखू शकते, क्वचित डोकेदुखी होते. परंतु या सुईने कायमची कंबरदुखी जडते असे अभ्यासांत आढळलेले नाही. बाळंतपणानंतर कंबर पुष्कळ स्त्रियांची दुखते, सुई न टोचलेल्यांचीही. गर्भारपणाचा भार, मूल कडेवर घेऊन केलेली कामे आणि रोवणीच्या दिवसांत वाकून काढलेले तास यांचा हिशोब आपण करीत नाही, सुईचा मात्र करतो.

ही विद्या जुनी नाही. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेत बोस्टन येथील रुग्णालयात विल्यम मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने ईथरची वाफ देऊन रोग्याला बेशुद्ध केले व सर्जनने त्याच्या मानेवरील गाठीवर शस्त्रक्रिया केली. १८४७ साली एडिंबरोच्या जेम्स सिंप्सनने क्लोरोफॉर्म वापरात आणले. वेदना गेली याचा आनंद इतका मोठा होता की धोक्याकडे कोणी पाहिले नाही. रुमालावर औषध ओतायचे आणि नाकाशी धरायचे, यात शिकायचे ते काय, अशी समजूत होती. जानेवारी १८४८ मध्ये इंग्लंडात हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढताना क्लोरोफॉर्म देताच मरण पावली. तेव्हा कोठे प्रश्न विचारायला सुरुवात झाली, की औषध किती द्यावे, कसे द्यावे आणि देणारा कोण असावा? लंडनच्या जॉन स्नोने वाफेचे प्रमाण मोजून देण्याची साधने बनविली. कॉलऱ्याचा प्रसार दूषित पाण्यातून होतो हे दाखविणारा तो हाच स्नो.

या वादातला एक मोठा प्रयोग आपल्या शेजारी, निजामाच्या हैदराबादेत झाला. क्लोरोफॉर्मने आधी हृदय बंद पडते की श्वास, हे ठरविण्यासाठी १८८८ व १८८९ साली तेथे दोन आयोग बसले. एडवर्ड लॉरी हे त्यामागचे सर्जन. त्यांच्याच हाताखाली शिकून रूपाबाई फर्दुनजी या पारशी बाई १८८९ साली उत्तीर्ण झाल्या आणि हैदराबादच्या रुग्णालयांत क्लोरोफॉर्म देण्याचे काम करू लागल्या. जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. पुढील शिक्षणासाठी त्या १९०९ साली एडिंबरोला गेल्या. आयोगाचा निष्कर्ष, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवले की हृदयाला भय नाही, हा मात्र पुढे चुकीचा ठरला. क्लोरोफॉर्म हृदयही थांबवू शकते. तरीही माझ्या मते त्या आयोगाचे महत्त्व कमी होत नाही, कारण भूल ही परंपरेने चालविण्याची गोष्ट नसून प्रयोगाने तपासण्याची गोष्ट आहे, हे तेथे मान्य झाले.

आता शिकविणाऱ्या डॉक्टरांकडे वळू. भूलशास्त्र विद्यापीठात शिकविण्याजोगा विषय आहे, हे मान्य व्हायला मॉर्टननंतर ऐंशी वर्षे लागली. अमेरिकेत राल्फ वॉटर्स यांनी १९२७ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात जो विभाग सुरू केला, तो या विषयाचा पहिला खरा शैक्षणिक विभाग मानला जातो. इंग्लंडातील गोष्ट अधिक मजेची आहे. मोटारींचे कारखानदार लॉर्ड नफील्ड यांनी ऑक्सफर्ड विद्यापीठाला वैद्यकीय अध्यासनांसाठी मोठी देणगी देऊ केली. विद्यापीठाला वैद्यक, शस्त्रक्रिया आणि प्रसूतिशास्त्र या विषयांच्या जागा हव्या होत्या. नफील्ड म्हणाले, भूलशास्त्राचीही हवी. विद्वानांनी नाके मुरडली. भूल देणे हा काय विद्यापीठाचा विषय आहे? पण नफील्ड हटले नाहीत. त्यांनी स्वतः भूल घेतलेली होती आणि वाईट भूल व चांगली भूल यांतला फरक त्यांना अनुभवाने ठाऊक होता. अखेर १९३७ साली रॉबर्ट मॅकिंटॉश यांची तेथे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. घशात नळी घालताना जीभ बाजूला सारून स्वरयंत्र दाखविणारे, किंचित वाकड्या पात्याचे जे उपकरण आजही जगभर वापरले जाते, ते याच मॅकिंटॉशचे, १९४३ सालचे. एका कारखानदाराच्या हट्टाने एक विद्याशाखा उभी राहिली, असे म्हटले तरी चालेल. आपल्याकडे मुंबई विद्यापीठाने १९४६ साली या विषयाची पदविका सुरू केली, १९४७ साली भूलतज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली आणि १९५३ पासून या विषयाचे भारतीय नियतकालिक निघू लागले.

भूलतज्ज्ञांच्या कामाचा आपल्या घरांशी असलेला संबंध ऑपरेशनपुरता नाही. गावातील ज्या बाळाचा जन्म रुग्णालयात झाला असेल, त्याच्या कागदावर बहुधा "अपगार" असा शब्द आणि शून्य ते दहामधील एक आकडा असतो. व्हर्जिनिया अपगार या न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भूलशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. १९४९ साली तेथील वैद्यकीय महाविद्यालयात पूर्ण प्राध्यापकपद मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. जन्मताच बाळाचा रंग, नाडी, डिवचल्यावर मिळणारा प्रतिसाद, स्नायूंचा ताठरपणा आणि श्वास पाहून प्रत्येकी शून्य, एक किंवा दोन गुण द्यायचे, ही त्यांची रीत १९५३ साली प्रसिद्ध झाली. पूर्वी निपचित जन्मलेले मूल बाजूला ठेवून देत. गुण द्यायचे म्हटल्यावर त्याच्याकडे पाहावे लागले आणि पाहिल्यावर काही करावे लागले. इतकी साधी युक्ती!

दुसरे उदाहरण तर थेट आपल्या बांधीत येऊन पोहोचते. १९५२ साली डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडून रोगी मरत होते. श्वासयंत्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला सल्ल्यासाठी बोलावले. त्यांनी विचार केला, ऑपरेशनच्या टेबलावर मी रोज श्वास थांबलेल्या माणसाला हाताने पिशवी दाबून जगवितो, मग वॉर्डात का नाही? २७ ऑगस्टला बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छिद्र पाडून त्यांनी नळी घातली आणि रबरी पिशवीने श्वास दिला. मुलगी जगली. त्यानंतर सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने महिनोन्महिने रोग्यांच्या उशाशी बसून पिशव्या दाबीत राहिले आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले. पुढच्याच वर्षी इब्सेन यांनी अशा रोग्यांसाठी स्वतंत्र कक्ष सुरू केला. आपण ज्याला आयसीयू म्हणतो, त्याचा जन्म असा एका भूलतज्ज्ञाच्या हातून झाला.

आता चुलबंदीच्या काठावरील धानाचे दिवस डोळ्यांसमोर आणा. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते. चावल्याची खूण दिसत नाही, सूज येत नाही, दुखतही नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते आणि मग श्वासाचे स्नायू लुळे पडू लागतात. म्हणजे जे भूलतज्ज्ञ औषधाने करतो, तेच हे विष करते! फरक एवढाच, की येथे परत आणणारा उशाशी बसलेला नसतो. सर्पविषावरचे औषध तर हवेच, पण तेवढ्याने लुळे पडलेले स्नायू लगेच उठत नाहीत. मधले काही दिवस नळी आणि श्वासयंत्र यांवर काढावे लागतात आणि ते काढले तर माणूस चालत घरी येतो. नागाच्या विषात निओस्टिग्मिन हे इंजेक्शनही उपयोगी पडते. मण्यारीच्या विषात त्याचा गुण कमी. हे इंजेक्शन मुळात भूलतज्ज्ञांच्या पेटीतले आहे. ऑपरेशननंतर सैल केलेले स्नायू पुन्हा ताठ करायला ते देतात. मांत्रिकाच्या ओट्यावर जे दोन तास जातात, त्या वेळात साकोली किंवा भंडारा गाठता येते, हे मी वर्गात कितीदा सांगितले असेल. शंभर मुलांपैकी दहांच्या घरी पोहोचले तरी पुष्कळ.

माझ्या तोंडाची गोष्ट अर्धी राहिली आहे. सुपारी आणि तंबाखू वर्षानुवर्षे चघळल्याने गालाच्या आतील मऊ त्वचा दोरासारखी कडक होते आणि जबडा उघडेनासा होतो. यामागे मुख्य हात सुपारीचा. नागपूर-भंडारा भागात खर्ऱ्यामुळे हे किती पसरले आहे, ते सांगायला नको. अशा माणसाला नेहमीसारखे आधी बेशुद्ध केले आणि मग तोंडातून नळी जाईना, तर श्वास बंद पडलेला आणि वाट सापडत नाही, अशी वेळ येते. भूलतज्ज्ञ या प्रसंगाला सर्वांत जास्त भितात. माझ्या बाबतीत त्या बाईंनी उलटा क्रम धरला. नाक व घसा औषधाने बधिर करून, मी जागा असतानाच नाकातून बारीक दुर्बीण घातली, तिच्यावरून नळी श्वासनलिकेत सरकविली आणि मग झोपविले. एक विद्यार्थी माझा हात धरून उभा होता. बाई प्रत्येक पायरी त्याला समजावून सांगत होत्या. त्या क्षणी मला वाटले, आपण दोघे एकाच धंद्यातले आहोत. फक्त यांच्या फळ्याच्या जागी जिवंत माणूस आहे.

अशा कठीण वाटेच्या रोग्यांसाठी कोणता क्रम धरावा, याचे भारतीय मार्गदर्शन २०१६ साली प्रसिद्ध झाले आणि त्यात मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील प्राध्यापकांचा पुढाकार होता. डॉ. शीला म्यात्रा आणि डॉ. जिगीषू दिवातिया ही त्यांतली प्रमुख नावे. तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचे एवढे रोगी जेथे येतात, तेथे अशा वाटा रोजच्याच असणार. त्या मार्गदर्शनाचा गाभा मला फार आवडला. नळी घालण्याचे प्रयत्न तीनपेक्षा अधिक करायचे नाहीत. रक्तातील प्राणवायू ९५ टक्क्यांच्या खाली गेलेला असेल तर पुढचा प्रयत्न करायचा नाही. सारा वेळ नाकातून प्राणवायू चालू ठेवायचा. आणि नंतर रोग्याला लेखी सांगायचे, की तुमची वाट कठीण आहे, पुढच्या डॉक्टरला हे दाखवा. परदेशी पुस्तकांत जी साधने गृहीत धरलेली असतात ती आपल्या प्रत्येक रुग्णालयात नसतात, म्हणून आपल्या परिस्थितीला धरून नियम करणारे आपले प्राध्यापक हवेत. शिकविणारे डॉक्टर समाजाला का लागतात, याचे याहून सरळ उत्तर मला ठाऊक नाही.

त्याच टाटा रुग्णालयाचा आणखी एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. सर्जन डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली ११ रुग्णालयांत सुमारे १६०० स्त्रियांवर हा अभ्यास झाला आणि २०२३ साली प्रसिद्ध झाला. स्तनाच्या कर्करोगाची गाठ काढण्याच्या थोडे आधी गाठीभोवती लिग्नोकेन हे साधे, स्वस्त बधिरीकरणाचे औषध टोचले. ज्यांना ते टोचले त्यांच्यापैकी पाच वर्षांनी ९०.१ टक्के स्त्रिया हयात होत्या. न टोचलेल्यांपैकी ८६.४ टक्के. दात काढताना आपल्याला जे इंजेक्शन देतात, तेच हे औषध.

सिकलसेलचा विषय मी मुद्दाम शेवटाकडे ठेवला, कारण तो आपल्या घरातला आहे. नागपूरच्या शुक्ला व सोळंकी यांनी १९५८ साली मध्य भारतात हा दोष असल्याचे दाखवून दिले. विदर्भात तो आदिवासी बांधवांत व अनुसूचित जातींत, म्हणजे आपल्या समाजातही पुष्कळ आढळतो. रक्तातील प्राणवायू कमी झाला, शरीर थंड पडले किंवा पाणी कमी झाले, की अशा रोग्याच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबवितात. ऑपरेशनच्या टेबलावर या तिन्ही गोष्टी सहज घडू शकतात. थिएटर थंड असते, रोगी उपाशी असतो, श्वास दुसऱ्याच्या हाती असतो. भूलतज्ज्ञाला आधी ठाऊक असेल तर तो रोग्याला उबदार ठेवतो, सलाईन आधीपासून चालू करतो, प्राणवायू जपतो, हाताला वा पायाला आवळपट्टी बांधायची की नाही याचा विचार करतो, लागल्यास आधी रक्त देतो. ठाऊक नसेल तर? नंतर छातीत दुखू लागते, धाप लागते आणि सर्जनने उत्तम ऑपरेशन केलेले असूनही जीव धोक्यात येतो.

आणि ठाऊक का नसते, हे आपण सारे जाणतो. तपासणी झालेली असते, कार्डही मिळालेले असते, पण ते पेटीत तळाशी ठेवलेले असते. मुलीचे लग्न मोडेल, मुलाला कोणी मुलगी देणार नाही, ही भीती. माझ्या परिचयातील एका घराने तर रुग्णालयात दाखल करताना "घरात कोणाला काही नाही" असे सांगितले आणि ऑपरेशनच्या आदल्या रात्री त्या मुलीच्या आत्याने परिचारिकेच्या कानात खरे सांगितले. ती आत्या निरक्षर होती. बाकी सारे शिकलेले. वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. हे गणित लग्नाआधी करायचे आहे, म्हणून तर कार्ड. ते लपविण्यासाठी नाही.

विद्यार्थी मित्रांनो, हे शिक्षण कसे असते तेही सांगतो. बारावीनंतर नीट परीक्षा, मग एम.बी.बी.एस., जे एका वर्षाच्या आंतरवासितेसह साडेपाच वर्षांचे असते. नंतर पुन्हा प्रवेश परीक्षा आणि बधिरीकरणशास्त्रात तीन वर्षांची एम.डी. या तीन वर्षांत विद्यार्थी शरीरक्रिया, औषधशास्त्र आणि भौतिकशास्त्रही शिकतो. वायूचा दाब, बाष्पीभवन, नळीतला प्रवाह हे अकरावीचे धडे येथे रोज लागतात. एक प्रबंधही लिहावा लागतो. एवढ्यावर भूलतज्ज्ञ तयार होतो. ज्याला शिकवायचे आहे तो पुढे एक वर्ष वरिष्ठ निवासी डॉक्टर म्हणून काढतो, मग सहायक प्राध्यापक, साधारण चार वर्षांनी सहयोगी प्राध्यापक, आणखी तीन वर्षांनी प्राध्यापक होण्यास पात्र ठरतो. मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध करावे लागतात आणि शिकवायचे कसे याचेही प्रशिक्षण घ्यावे लागते. रात्रपाळ्या सुटत नाहीत. दवाखान्याच्या पाटीवर नाव लावून मिळणारी प्रसिद्धी या शाखेत जवळजवळ नाही, हेही सांगून ठेवतो.

या प्राध्यापकांच्या विद्यार्थ्यांत केवळ एम.डी. करणारेच नसतात. एम.बी.बी.एस.चे विद्यार्थी, थिएटरचे तंत्रज्ञ, परिचारिका सारे त्यांच्याकडे येतात. तालुक्याच्या ठिकाणी भूलतज्ज्ञ मिळत नाहीत आणि अडलेली बाळंतीण केवळ त्या कारणाने पुढे पाठवावी लागते, म्हणून केंद्र सरकारने साध्या एम.बी.बी.एस. डॉक्टरांना १८ आठवड्यांत प्रसूतीसाठी लागणारी जीवरक्षक भूल शिकविण्याचा अभ्यासक्रम आखला. तोही वैद्यकीय महाविद्यालयांतील हेच प्राध्यापक चालवितात. थिएटर आहे, शस्त्रक्रिया करणारा आहे आणि भूल देणारा नाही, म्हणून रात्री रुग्णवाहिकेत घालून नेलेल्या बायका आपल्या तालुक्याने पाहिल्या आहेत. १८ आठवड्यांचे शिक्षण हे तीन वर्षांच्या शिक्षणाची जागा घेऊ शकत नाही. पण मध्यरात्री, पावसात, कोणीच नसण्यापेक्षा ते किती मोलाचे!

पूर्वी आपल्या मुलांना या शिक्षणासाठी नागपूर किंवा सेवाग्राम गाठावे लागे. २०१६ साली गोंदियाला शासकीय महाविद्यालय झाले आणि २०२४ साली भंडाऱ्याला व गडचिरोलीलाही सुरू झाले. भंडाऱ्याच्या पहिल्या तुकडीतील एखाद्या मुलीने बधिरीकरणशास्त्र निवडले, कोठेही वर्ष वाया गेले नाही आणि वरचा हिशोब जसाच्या तसा उतरला, तर साधारण २०३४ साली ती स्वतः शिकवायला उभी राहील. आज आपल्या शाळेत सातवीत असलेला मुलगा तेव्हा तिचा विद्यार्थी असू शकतो.

तोवर आपण रोगी म्हणून करावयाच्या गोष्टी मात्र आजच्याच आहेत. भूलतज्ज्ञ तपासायला येईल तेव्हा त्याचे नाव विचारावे. सिकलसेलचे कार्ड, चालू औषधे, मागील ऑपरेशनचे कागद आणि दमा, मिरगी, दारू, खर्रा हे सारे न लाजता सांगावे. हलणारा दात असेल तर तोही दाखवावा. हलके जेवण सहा तास आधी बंद, तुपा-तेलाचे त्याहून आधी. अंगावरचे दूध चार तास, साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. यात डॉक्टर वेगळे सांगतील तर त्यांचे ऐकावे. चहा म्हणजे पाणी नव्हे, त्यात दूध असते. पेज हेही जेवणच आहे. लेकरू रडते म्हणून आजीने हळूच बिस्कीट दिले, तर बेशुद्धीत ते उलटून श्वासनलिकेत जाऊ शकते. आजीने दिले असेल तर निदान तसे सांगावे. ऑपरेशन चार तास पुढे ढकलले जाईल, एवढेच.